ओवीची जीप आणि माझं वजन

"आई, तुमचं वजन किती हाय?"

सकाळी सकाळी, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतोय तोच सुनेनं हा प्रश्न टाकला. असं कुणी विचारतं का हो बाईमाणसाला? मी म्हटलं, "साठ." माझ्या मुलाला, राजसला, हसताना ठसका लागला. ओवीनं मात्र नुसती मान डोलावली आणि मोबाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

आमची ओवी नातेपुत्याची. बापाचा ट्रॅक्टर उघडून परत जोडत मोठी झालेली. लग्नात माझी बहीण कानाशी लागली होती, "पोरीच्या नखांत ग्रीस आहे गं." आता तीच बहीण दर रविवारी फोन करून विचारते, जीपचं काम कुठवर आलं?

ही जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप ओवीनं घेतली ती राजस्थानच्या वाळवंटात न्यायला. आणि तीही डांबरी रस्त्यानं नव्हे, थेट वाळूतून! सुट्टीचा दिवस आला की ही बया गाडीखाली, बाहेर फक्त पाय. इंजिनाला दगड लागू नये म्हणून खालून जाड पत्रा ठोकला. इंजिनाला हवा देणारी नळी बाजूनं पार टपापर्यंत वर नेली. आमच्या शुक्रवार पेठेतली निम्मी मंडळी "गाडीला सोंड कशाला?" म्हणून विचारून गेली, आणि हिनं न कंटाळता प्रत्येकाला सांगितलं, की धूळ खाली असते, इंजिनाला वरची हवा पायजे. गाडीचा भार पेलणारे मागचे पाटे काढून जास्त जाड घातले. वाळूत टायरमधली हवा कमी करायची, बाहेर आलं की परत भरायची, त्यासाठी छोटा पंप बसवला. पाने, पकडी, पाण्याचे कॅन, सगळं चादरींत गुंडाळून असं आवळलं की होटगी रोडच्या खड्ड्यांतसुद्धा काही खडखडलं नाही. मी कौतुक तोंडावर करत नाही, मला ती सवय नाही. पण काय सांगू, बघत राहावं असं काम!

आणि मला त्या जीपमधून जायचं होतं. माझा जन्म गेला शाळेत भूगोल शिकवण्यात. वाळूच्या टेकड्या फळ्यावर किती वेळा काढल्या त्याला गणती नाही. खरी वाळू पाहिली ती भीमेच्या पात्रातली, तीही ट्रकांनी नेऊन उरलेली. वाळवंट बघितल्याशिवाय मी मरणार नाही, असं ओवीला एकदाच बोलले होते.

निघायच्या आदल्या दिवशी सगळं सामान भरलं, तिघंही बसलो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर गेलो. आमच्या पुढे सुताच्या गाठींचा ट्रक होता. काट्यावरचा मल्लप्पा माझाच विद्यार्थी. नकाशात सहारा शोधायला सांगितलं की ब्राझीलमध्ये जायचा. "बाई, तुमी हितं? बसा, बसा, उतरू नका," म्हणाला आणि आकडा असा ओरडून सांगितला की ट्रकवाले वळून बघायला लागले.

ओवीचा चेहरा पडला. "मी धरलेल्या हिशेबापरीस जास्त भरतंय की. एवढ्या वजनानं वाळूत गेलो तर गाडी रुतणार, पाटे मोडणार. कायतरी उतरवायलाच लागतंय."

साठ म्हणे, साठ! पोरीनं एकेक पाना तोलून बांधलेली गाडी, आणि माझ्या एका खोट्या आकड्यानं सगळ्याचा विचका केला. लाज तर वाटलीच, पण त्याहून वाईट वाटलं. आता माझं वाळवंट काही दिसत नाही, हे कळून चुकलं.

दार उघडून, काठी टेकत खाली उतरले. "ओवी, मी खोटं सांगितलं. पंच्याहत्तर आहे माझं वजन. तुम्ही दोघं जा."

ओवी माझ्याकडे वळली. मग हसली. "तुमी साठ म्हणालात, पर मी पंच्याहत्तरच लिवलंय की."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? गेल्या वर्षी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा हे पुण्यात हुते. जिन्यावरनं तुमाला पाठीवर कुणी आणलं?"

त्या दिवशी ती घामानं निथळत एकेक पायरी चढत होती, आणि मी तिच्या पाठीवरून "भिंतीला घासू नकोस मला" म्हणून ओरडत होते. नंतर तो विषय मी कधी काढला नाही. तिनंही नाही.

"पाटे जाड घातले ते कुणासाठी, आई? आदी तुमचं वजन धरलं, मग बाकीचं सामान," ओवी म्हणाली. "जास्तीचं काय हाय ते ह्यांना इचारा."

राजस मान खाली घालून उभा. मागच्या चादरी उचलल्या तर खाली छोटा फ्रीज! शिवाय त्याच्यासाठी वेगळी बॅटरी. गुपचूप भरलेली.

"थंड पाणी लागेल म्हटलं..."

"मेल्या, तुझ्या थंड पाण्यापायी आई उतरली ना गाडीतून!" मी कडाडले. ट्रकवाले खो खो हसले.

फ्रीज आणि बॅटरी मल्लप्पाच्या खोलीत गेली. ओवीनं हात पुढे केला. तो धरून, तिनं माझ्या गुडघ्यांसाठी बसवलेल्या पायरीवर पाय ठेवून मी परत जागेवर बसले. डोळे भरून आले होते, ते पदरानं पुसले. कुणी बघितलं तर बघू दे.

"मल्लप्पा," मी खिडकीतून ओरडले, "आता कर वजन. आणि मोठ्यानं सांग रे, सगळ्यांना ऐकू जाऊ दे!"