पूजेतला तांदूळ

टिण्.

स्टीलच्या ताटलीत काहीतरी पडलं आणि दुपारची शांतता मोडली. भिंतीला टेकून चित्र रंगवणाऱ्या प्रियानं मान वर केली. सत्यशीलानं चिमटा बाजूला ठेवला आणि ताटली खिडकीच्या उजेडात नेली. तांदळाचा दाणा होता, एका टोकाला कुंकवाचा डाग पडलेला.

"आई, कॉम्प्युटरच्या पोटात भात?"

"भात न्हाई गं. तांदूळ."

सत्यशीलाला हसू आलं, आणि आलं तसं विरलं. सुरेखाताईंच्या ऑनलाइन सेंटरचा कॉम्प्युटर तिच्यासमोर चादरीवर आडवा पडला होता, एका बाजूचा पत्रा काढलेला. सकाळी भिवाच्या ऑटोतून त्या स्वतः तो घेऊन आल्या होत्या. जुनी हार्ड डिस्क गेली म्हणून पुतण्यानं जालन्याहून सगळे प्रोग्राम भरून नवीन डिस्क आणली, यंदाच्या दसऱ्याला बसवली, आणि तेव्हापासून मशीन सुरूच झालं नव्हतं. घनसावंगीतल्या दुकानदारानं 'दिवाळीनंतर पाहू' म्हणून हात झटकले होते.

काय झालं असेल ते सत्यशीलाला त्या एका दाण्यात दिसलं. नवीन डिस्क आली म्हणून उघड्या मशीनवरच हळदकुंकू वाहिलं असणार, अक्षता टाकल्या असणार, आणि पुतण्यानं त्यावरच केबल दाबली असणार. खाचेत दाणा, केबल अर्धवट. मशीनला डिस्क असल्याचा पत्ताच नाही.

तिनं केबल नीट बसवली, आपला जुना मॉनिटर जोडला आणि बटण दाबलं. पंखा घुमला. काळोखातून निळा उजेड वर आला.

प्रियानं टाळ्या वाजवल्या. सत्यशीलानं मशीन बंद केलं.

प्रिया अंगावर पीत होती तेव्हा सुरेखाताईंनी सत्यशीलाला कामावर घेतलं होतं. सेंटरच्या मागच्या कोपऱ्यात स्वतःची जुनी साडी पडद्यासारखी बांधून दिली होती, लेकराला पाजायला. सत्यशीला हे विसरली नव्हती. विसरता आलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं.

मागच्या वर्षीच्या दसऱ्याला ती प्रियाला नवा फ्रॉक घालून सेंटरवर गेली. आदल्या दिवशी कीबोर्डची एकेक कळ तिनंच पुसली होती. सुरेखाताई पूजेचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, मागं खुर्चीवर त्यांच्या सासूबाई, साळूबाई.

"शीला, आज मशीनीला हात नको लावू. पूजा होऊ दे. तू बाहीरच थांब जरा."

प्रियानं तोपर्यंत ओंजळ पुढं केली होती. सुरेखाताईंनी पेढा दिला. बोटं लागू न देता, वरून सोडला.

"काकूनं पेढा वरून का टाकला?" वाटेत लेकीनं विचारलं होतं.

"चिकट असतो ना पेढा. हाताला चिकटतो."

प्रियाला ते पटलं. इतकं पटलं की तेव्हापासून गुळाचा खडा द्यायचा झाला तरी ती आईच्या हातावर तो वरूनच टाकायची आणि शहाण्यासारखं सांगायची, "चिकट हाय."

सत्यशीला पुन्हा सेंटरवर गेली नाही. आयटीआयला शिकलेलं उपयोगी पडलं, घरीच दुरुस्त्या घेऊ लागली. 'सोड ना आता,' तिचा नवरा राजानंद म्हणायचा. बियाण्याच्या कंपनीतल्या नोकरीसाठी तो रोज सकाळी जीप धरून जालन्याला जायचा. पण भाकरी थापता थापता वर्षभर तिनं वाक्यं घडवली होती. एकेका थापेला एकेक. सुरेखाताई कधीतरी दारात येतील आणि ती एकेक वाक्य त्यांच्या हातावर ठेवील. वरून.

बाहेर ऑटो थांबला.

"झालं का गं, शीला?"

"या ताई. बसा."

सुरेखाताई दाराजवळच्या चटईवर टेकल्या. न सांगता प्रियानं पाण्याचा ग्लास भरला आणि दोन्ही हातांत धरून, जीभ दाताखाली दाबून, एक थेंब न सांडता आणला.

"ठेव बाळा तिथं. आत्ताच पिऊन आले."

ग्लास खिडकीत गेला. सत्यशीला काठोकाठ भरलेल्या पाण्याकडे पाहत राहिली.

"शीला? मी इचारून राह्यले, झालं का?"

"पाहून राह्यले अजून."

"जल्दी पाह्य, माय. परवा पाडवा. मशीन सुरू न्हाई झालं तर पाडव्याला गाळा खतवाल्याला देतो म्हनतेत आमचे हे. म्हनले, लई झाली तुझी हौस. सासूबाई तर टपूनच बसल्यात." त्या हसल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माझं म्हनून तेवढंच हाय बघ. न्हाई तर हाय मी अन् चूल."

मशीन सत्यशीलाच्या आणि त्यांच्या मध्ये होतं. त्यामागं ताटली होती. सुरेखाताईंची नजर पदराच्या टोकावर होती. सत्यशीलानं केबल उपसली. दाणा दोन बोटांत उचलला, हात उंच नेला आणि खाचेच्या बरोबर वर धरला.

मग सोडला. वर केबल दाबली.

प्रिया पाहत होती. रंगाचा खडू तिच्या हातात तसाच राहिला.

"चित्र पुरं कर तुझं," सत्यशीला हळू म्हणाली.

तिनं बटण दाबून मॉनिटर सुरेखाताईंकडे वळवला. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ.

"डिस्क सापडत न्हाई म्हनतंय. मला न्हाई जमत, ताई."

आवाज आपला नसल्यासारखा, पण सरळ आला. वर्षभरातलं एकही वाक्य लागलं नाही.

सुरेखाताई त्या ओळीकडे पाहत बसल्या. इंग्रजी त्यांना जेमतेम येत होतं, तरी पुन्हा पुन्हा वाचल्यासारखं करत होत्या.

"तुला न्हाई जमलं, मंग कुनालाच न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या.

दारातून भिवा डोकावला. "न्हाई झालं का सुरू? मंग ताई, एकडाव अजून पूजा घाला की. नारळ मोठा घ्या ह्या टायमाला."

"तू गप रे."

सत्यशीलानं पत्रा लावला. स्क्रू फिरवताना तिला जाणवलं, की सुरेखाताई उठल्यात पण जात नाहीत. त्या खिडकीशी गेल्या. ग्लास उचलला. तो ओठांना लावून सगळं पाणी प्यायल्या, मधे श्वासही न घेता. पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा ग्लास सत्यशीलाच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. गार होती.

"त्या दिवशी सासूबाई मागं बसल्या होत्या गं," त्या म्हणाल्या.

कोणत्या दिवशी, ते सांगावं लागलं नाही. त्या आणखी काहीतरी बोलणार होत्या, पण भिवानं मशीन उचललं आणि "दार सोडा, दार सोडा" करत त्यांच्या मधून वाट काढली. त्या त्याच्या मागोमाग उतरल्या.

सत्यशीला उंबऱ्यात उभी राहिली. एका हातात ग्लास, दुसऱ्या मुठीत स्क्रूड्रायव्हर. ऑटोत सुरेखाताईंनी मशीन मांडीवर घेतलं, आजारी लेकराला घेतात तसं, खड्ड्यांत हादरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं. भिवानं ऑटो सुरू करायला घेतला. ऑटो खाकरला आणि बंद पडला. पुन्हा खाकरला, पुन्हा बंद. हाक ऐकू जाईल एवढंच अंतर होतं.

तिचे ओठ उघडले.

मागून ओढणी खेचली गेली. प्रिया खडू हातात घेऊन उभी होती, कपाळाला आठी घालून, कधीपासूनचा हिशेब लागत नसल्यासारखी.

"आई, तांदूळ तर चिकट नसतो," ती म्हणाली. "मंग तू तो वरून का टाकला?"