फिट मुलगी

"आपली कॅप्टन एकदम फिट! मोठ्या दवाखान्यातून फोन आला, फिटच्या मुलींवर संशोधन आहे म्हणे!" खेळाच्या सरांनी अख्ख्या व्हॉलीबॉल टीमसमोर जाहीर केलं. टाळ्या कडाडल्या. कॅप्टन मीच, पण मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले.

कारण मला फिट येते. म्हणजे आकडी. गोळ्यांनी ती आटोक्यात आहे, डॉक्टरीणबाईंनी खेळायला परवानगीही दिलीय, पण टीममध्ये कुणाला पत्ता नव्हता. अडीअडचणीला असावा म्हणून आईनं दवाखान्यात सरांचा नंबर दिला होता. संशोधनासाठी पेशंट गोळा करणाऱ्या साहेबानं आमची माहिती चाळली आणि नेमका तोच नंबर फिरवला.

सरांनी कौतुकानं उलट फोन केला, तेव्हा त्यांना 'फिट'चा अर्थ कळला. मी थेट खेळाबाहेर, बाकावर!

"पोरी, मैदानात पडलीस तर माझ्या अंगाशी येईल."

आई म्हणाली, "जाऊ दे गं." का जाऊ दे?

पुढच्या आठवड्यात हेच साहेब शाळेच्या हॉलमध्ये पालकांना समजावायला आले: पेशंटची माहिती संशोधनाला वापरू द्या. बोलणं तर साखरेत घोळवलेलं. "आमच्याकडून एक शब्द बाहेर जात नाही. कुणाची हरकत?"

एकही हात वर नाही. मी स्टेजवर चढून माईक ओढला.

"साहेब, तुमच्या त्या दुखण्याबद्दल बोलू का? इथंच?"

साहेब पांढरेफटक. "तुला... कुणी सांगितलं?"

"आलं कानावर. नुसतं नाव सांगू, की कुठं दुखतं तेही?"

"ए मुली! ते खासगी आहे!"

"मूळव्याध असणार!" मागून एक आजोबा ओरडले. हॉल हशानं दणाणला. साहेबांचे कान लालबुंद झाले आणि मी ते डोळे भरून पाहिले. कशाला खोटं बोलू, जाम मजा आली!

"मला काहीच माहीत नाही," मी म्हटलं. "खडा टाकला नुसता. माझं मात्र तुम्ही खरंखुरं सांगून टाकलंत, तेही परक्या माणसाला. आधी आम्हाला विचारलं असतंत, तर मी संशोधनाला आलेसुद्धा असते."

आता हरकतीचे हात भराभर वर गेले. पहिला आईचा.

खाली उतरले तर सर वाटेत उभे. "उद्या डॉक्टरीणबाईंशी बोलतो. बूट घेऊन ये."

त्यांच्यामागून साहेब आले, घाम पुसत. "चुकलं, बाळ."

'असू दे' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, सवयीनं. गिळून टाकलं.