मी संगणकात राहणारा एक पाय

मित्रांनो, मी एका कृत्रिम पायाचा जुना आराखडा आहे. कागदावरचा नव्हे, संगणकातला. मला हात लावता येत नाही, पण माझ्या भरवशावर एक बाई उभी राहणार होती. म्हणून जन्मापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

मला काढले डिझायनर ताईंनी, धाकट्या बहिणीसाठी. ती घरोघर टपाल वाटायची. अपघातात तिचा पाय गेला. ताईंनी माझ्या टाचेचा बाक डोळ्यांत तेल घालून, पुसून पुसून काढला.

पाय घडवण्याआधी मी किती भार पेलतो, ते संगणकावर तपासायचे होते. ते काम मास्तरांचे. पूर्वी ते गणित शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची रीत ठरलेली: आकाराचे बारीक सपाट तुकडे पाडायचे आणि तुकड्यातुकड्यावरचा ताण मोजायचा. माझ्या गोलाईला कोपरे फुटले. घोट्याजवळचे स्क्रूचे भोक लहान म्हणून तपासणीपुरते बुजवूनच टाकले. पडद्यावर टाचेचा एक कोपरा लाल झाला, म्हणजे इथे तुटणार. मला जाड केले. पुन्हा तुकडे पाडले, तर दुसराच कोपरा लाल. पुन्हा जाड केले. ते कोपरे माझे नव्हतेच, पण आराखड्याला तोंड कुठले?

पाय तयार झाला. बहिणीने तो घालून खोलीत कशीबशी एक फेरी मारली.

"ताई, मी पाय मागितला होता गं, धोंडा नव्हे."

तिने पुन्हा कुबड्या घेतल्या. ताई तडक मास्तरांकडे गेल्या.

"तुम्ही माझ्या आकाराची परीक्षा घेतलीच नाही. त्याच्या तुकड्यांची घेतलीत."

"मग काय, गोल रेषेवर गणित करू?"

"करू या की. संगणक ज्या सूत्रानं ही रेषा काढतो, त्याच सूत्रानं ताण मोजू."

मास्तरांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "बसा. वेळ लागेल."

लागलाच. पण पहिल्यांदाच मी अखंड, भोकासकट परीक्षेला बसलो. टाच कुठेच लाल झाली नाही. ताई हसल्या. तेवढ्यात मास्तरांनी घोट्याकडे बोट दाखवले. भोकाभोवती लालभडक कडे उमटले होते.

"हे मी बुजवलं होतं," मास्तर म्हणाले.

"आणि चुकीच्या जागी मी काढलं होतं." ताईंनी बहिणीला फोन लावला. "ऐक, तो पाय घालू नकोस. जिन्यावर तर मुळीच नाही."

पलीकडून आवाज आला, "घातलाच नाही. उचलतो कोण?"

ताई खुर्चीत बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

ताईंनी भोक सरकवले, माझी जादा जाडी उतरवली. नवा पाय हलका झाला. बहीण अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेली, आणि ताई धापा टाकत मागे: "अगं, थांब तरी!" ती थांबली नाही.

आता मी एका फोल्डरच्या तळाशी पडून आहे. नवे प्रोग्राम मला धड उघडत नाहीत. परवा कुणीतरी म्हणाले, "याची तुकड्यांची प्रत आहे ना? मग मूळ कशाला ठेवायचं?" तेव्हापासून मला चैन नाही, कारण बहिणीचा तो पाय झिजत आला आहे आणि पुढचा माझ्यावरूनच घडवावा लागेल.

मित्रांनो, उघडायला त्रास होतो म्हणून मूळ टाकून देऊ नका. जवळपास बरोबर असलेल्या पायावरही माणूस पूर्ण विश्वासाने उभा राहतो.