पडीक

विल्मा कार्दोशने कुदळ उचलली आणि ट्रॅक्टरच्या तोंडासमोरच जमिनीत हाणली. ऑक्टोबरच्या अखेरची ती जमीन हाडासारखी कडक झाली होती. पहिल्या घावाला नुसते ढेकूळ उडाले. दुसरा घाव बसला तसा ट्रॅक्टरवरच्या देझोने घाईघाईने ब्रेक दाबला.

"नेनी, मरायचंय का? बाजूला व्हा!" वडीलधाऱ्या बाईला इथे सगळे 'नेनी'च म्हणत.

"तू हो बाजूला. मी इथं तुझ्या आधीपासून आहे."

टेकडीच्या पायथ्याशी निम्मे गाव जमले होते. मांडवात गरम पोगाचांच्या, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांच्या टोपल्या होत्या, आलुबुखाराची दारू होती, शाळेतल्या मुलींचे गाणे चालले होते. अकाशियाच्या रोपांच्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून रांगेत ठेवल्या होत्या. गावात या टेकडीला 'टकली' म्हणत. सरपंच बार्नाबाश शिपोश सकाळपासून भेटेल त्याला एकच विनोद ऐकवत होता, 'टकलीला केस लावतोय.' लोकही दर वेळी हसत होते. झाडे लावण्याला नाही कोण म्हणणार?

एकटी विल्मा नाही म्हणत होती. त्यामुळे ऑगस्टपासून गाव तिला झाडांची वैरीण म्हणू लागले होते. बेकरीत तर एका बाईने तिला तोंडावर विचारले होते, "तुम्हाला सावलीचं वावडं आहे का हो?"

वावडे सावलीचे नव्हते. या उतारावर तिचा नवरा चाळीस वर्षे मेंढ्या चारत होता. मेंढ्या सगळे गवत खात, पण हेरिच नावाच्या रानफुलाला तोंड लावत नसत, कारण ते विषारी. म्हणून एप्रिलमध्ये सगळा उतार पिवळ्या फुलांनी असा भरून जाई की खालून येणारी बस थांबायची आणि माणसे उतरून बघत उभी राहायची. जून सरला की झाड वाळून मातीत नाहीसे होई. वर काही म्हणता काही उरत नसे.

आणि लागवडीआधी पाहणी करणारा सरकारी माणूस आला तो ऑगस्टमध्ये. गाडीतून न उतरताच त्याने लिहिले : पडीक जमीन, वाळके गवत, उल्लेखनीय वनस्पती नाही.

तो कागद वाचला तेव्हा विल्माचे कान तापले होते. ती तालुक्याच्या कचेरीत तीनदा जाऊन आली. पहिल्यांदा साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्यांदा तिने नवऱ्याचा फोटो नेला. मांडीवर कोकरू, आणि भोवती गुडघ्याएवढी फुले. कारकून म्हणाला, हा उतार तोच कशावरून? तिसऱ्यांदा ती म्हणाली, "एप्रिलमध्ये या आणि डोळ्यांनी बघा." त्यावर तो हसून म्हणाला, "एप्रिलमध्ये तिथं झाडं असतील, आजी."

ते 'आजी' तिच्या अजून डोक्यात होते. तिसरा घाव तिने त्याच्याच नावाने घातला.

सरपंच धापा टाकत वर आला. त्याच्यामागून हिरव्या गणवेशातली एमोकेही आली. ही निसर्गरक्षक जुलैमध्येच या भागात बदलून आली होती. तोवर फुले संपली होती. विल्मा तिलाही भेटली होती. एमोकेने सगळे ऐकून घेतले, मग मान खाली घालून म्हणाली होती, "माझा विश्वास आहे, नेनी. पण सरकारी नोंद नाही, आणि नोंदीशिवाय नांगर थांबवता येत नाही. खोदून बघायचं तर परवानगी लागते, आणि तिला साठ दिवस."

"नेनी, मुलं बघतायत," सरपंच म्हणाला. "शोभतं का हे?"

"मुलांनाच दाखवतेय."

विल्मा गुडघ्यांवर बसली. कुदळ टाकून तिने हातांनी माती उकरली आणि एक काळपट, गाठाळ मुळांचा गड्डा वर काढला. त्याच्या माथ्यावर बोटाच्या पेराएवढे तपकिरी कोंब होते, सात-आठ. एका कोंबाची साले तिने नखाने हलकेच सोलली. आत घट्ट मिटलेली, मसुराएवढी कळी होती. पुढच्या वसंताची, आत्तापासून तयार.

"पडीक म्हणे!" तिचा आवाज चिरकला. "डोळे पडीक आहेत तुमचे. हे काय आहे? बोल ना, बार्नाबाश! तुझी आई याची जुडी लग्नात डोक्यात माळून गेली होती."

एमोके पुढे झाली, गड्ड्याजवळ वाकली. बराच वेळ तिने त्याला हात न लावता पाहिले. मग उभी राहून ती कोरड्या आवाजात म्हणाली,

"नेनी, ही संरक्षित वनस्पती आहे. उपटणं गुन्हा आहे. मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल."

नांगर सगळा उतार उलथणार त्याला गुन्हा नाही, आणि एका गड्ड्याला गुन्हा! विल्माने मातीने भरलेले हात एमोकेपुढे केले.

"लिही!" ती ओरडली. "लिही, आणि फासावर चढव मला!"

मांडवातले गाणे थांबले होते. सरपंचाने लोकांकडे पाहिले आणि त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला.

"अहो, जाऊ द्या," तो एमोकेला म्हणाला. "म्हातारं माणूस आहे. गावातर्फे मी सांगतो, माफ करून टाका. असलं कशाला लिहायचं?"

एमोकेने पॅड काढले होते. तिने त्याच्याकडे पाहिलेच नाही. ती एकेक रकाना मोठ्याने वाचत भरू लागली.

"वनस्पतीचं नाव : हेरिच. स्थळ : टकली टेकडी, दक्षिण उतार. गट क्रमांक..." ती थांबली. "सरपंच, गट क्रमांक काय?"

सरपंचाने सांगितला नाही. देझोने ट्रॅक्टरच्या काचेवर चिकटवलेला परवाना वाचून वरूनच ओरडून सांगितला. मग त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

"वनस्पती तिच्या मूळ जागी उगवलेली आढळली का? होय. समक्ष पाहणारा अधिकारी : मी." एमोकेने पेन विल्मापुढे धरले. "मान्य असेल तर इथं सही."

विल्मा कागदाकडे पाहत राहिली. मग एमोकेकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

विल्माने आधी गड्डा खड्ड्यात परत ठेवला, माती लोटून दोन्ही तळव्यांनी दाबली. मग ॲप्रनला हात पुसले आणि शाळेत काढतात तसे एकेक अक्षर नीट काढत सही केली.

"नेनी," सरपंच हळूच म्हणाला, "अजून वेळ गेलेली नाही. सांगतो तिला फाडायला."

"कागदाला हात लावून तर बघ," विल्मा म्हणाली.