दिव्याखाली साठ सेकंद

अॅक्रिलिक की जेल, या एका प्रश्नाने तिची झोप उडवली होती. नेल सलूनच्या मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "शुक्रवारी खऱ्या गिऱ्हाइकाचा एक हात करायचा. कशाने, ते तू ठरव. जमलं तर नोकरी तुझी." तीन ठिकाणचे नकार तिने पचवले होते. चौथा पचवायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

अॅक्रिलिक म्हणजे पावडर आणि द्रव ब्रशवर एकत्र घ्यायचं आणि ते नखावर घट्ट व्हायच्या आत आकार द्यायचा. ही तर चपला घालायलाही पाच मिनिटं घेणारी. जेल बिचारं ते घट्ट करणाऱ्या यूव्ही दिव्याखाली जाईपर्यंत थांबतं. फक्त थर जाड झाला, की त्या दिव्याखाली चटका बसतो. "त्याची एवढी धास्ती नको," मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "भाजलं की समोरची हात ओढतेच. त्यावरून थर किती द्यायचा ते कळतं."

सरावाला हात मावशीचा. आईच्या माघारी हिला तिनेच वाढवलेलं. अॅक्रिलिकची बाटली उघडली की मावशीला ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी वाहायचं. जेलच्या वेळी मात्र चकार शब्द नाही. सलग आठ दिवस ती दिव्यात हात घालून साठ-साठ सेकंद हसत बसली. मग काय, जेलच ठरलं.

शुक्रवारी समोर एक शिक्षिका बसल्या. पाचही नखं सुबक झाली तेव्हा कुठे हिचा जीव भांड्यात पडला. शिक्षिकांनी दिव्यात हात घातला आणि सातव्या सेकंदाला कळवळून बाहेर ओढला.

मालकीणबाईंनी ते ओलं, फिसकटलेलं जेल निरखून पाहिलं. "केवढा जाड थर हा. सरावाला कुणी हात ओढला नाही?"

"नाही."

"मग ती बाई दगडाची असेल, नाहीतर तुझ्यावर फार जीव असेल तिचा. उद्या सकाळी ये. शेवटची संधी."

घरी येताच तिने स्वतःच्या अंगठ्यावर नेहमीएवढंच जेल लावलं आणि दिव्यात धरलं. आठपर्यंत मोजलं, मग हात आपोआप बाहेर आला. मावशी दारातून बघत होती.

"रोज भाजायचं ना तुला?" हिने वळून विचारलं.

"थोडंसं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे हात किती थरथरायचे गं. मी हात ओढला असता, तर तू ब्रशच खाली ठेवला असतास."

तिला मावशीचा राग आला आणि रडूही आलं. मावशीचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने मावशीची नखं पुसून पातळ थर दिला. "आता चटका बसला तर ओढायचा हं."

"ओढेन की."

दिवा लागला. मावशी पहिल्यासारखीच हसत बसली. त्या हसण्यावरून थर बरोबर आहे की चुकलाय, हे तिला काही केल्या कळेना. सकाळ जवळ येत होती. तिने मावशीचा हात हळूच बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि स्वतःच्या डाव्या हातावर पहिल्यापासून सुरुवात केली.