झाडायचा चौकोन

मी एक जुने पाठ्यपुस्तक आहे, मित्रांनो. परदेशी लोकांना चिनी भाषा शिकवण्यासाठी मला छापले. आणि माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून एका माणसाचा उजवा हात जायचाच, थोडक्यात वाचला.

छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा तोरा काय विचारता! माझ्यात चोवीस धडे होते. त्यांतला अठरावा म्हणजे माझा जीव की प्राण. त्याचे नाव 'आधुनिक जीवन'. त्यात एक दादा आईशी बोलण्यासाठी टेलिफोन कचेरीच्या रांगेत उभा राहतो. एक ताई कॅसेट लावून उच्चार गिरवते. एका कार्यालयात फॅक्स येतो आणि सगळे खुर्च्या सोडून बघायला धावतात. संगणकाला तर वेगळी खोली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. जगात याच्यापुढे काही असू शकते, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

मला एका शिक्षिकेने विकत घेतले. त्या चिनी शिकवत, म्हणून सगळे त्यांना चिनीबाई म्हणत आणि त्याही हसून ओ देत. बावीस वर्षे त्यांनी मला वापरले. माझा कणा दोनदा चिकटपट्टीने बांधला. बाई स्वतः त्या देशात कधी गेल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी तो देश म्हणजे मीच. "हे पुस्तक हाताशी आहे ना, मग मला कसली काळजी?" असे त्या म्हणाल्या की मी फुगून जाई.

एके दिवशी खोके बनवणाऱ्या कारखान्याचे मॅनेजर वर्गात आले. त्यांच्याकडे पुठ्ठा कापणारे नवे चिनी यंत्र आले होते. ते बसवायला तिकडून एक तरुण इंजिनियर आली होती, पण तिचे बोलणे कोणाला कळेना. बाईंनी ठेवणीतले कपडे घातले, मला पर्समध्ये घातले आणि निघाल्या.

पहिला तास झकास गेला. इंजिनियर बोले, बाई सांगत आणि कारखान्याचे फिटरकाका तसे करत. यंत्राच्या अंगावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला होता. असले चौकोन तेव्हा तिथे कोणी पाहिले नव्हते. इंजिनियरने त्याच्याकडे बोट दाखवून एक वाक्य म्हटले आणि ती वायरी तपासायला मागच्या बाजूला गेली.

बाई क्षणभर अडखळल्या. मग त्यांना माझा पाचवा धडा आठवला. 'ताई अंगण झाडते.' तेच क्रियापद होते ते.

"काय म्हणाल्या हो त्या?" काकांनी विचारले.

"आधी तो चौकोन झाडा, मग बटण दाबा."

"एवढ्या कोऱ्या यंत्राला झाडू?" काका हसले. पण बाई सांगताहेत म्हणजे बरोबरच असणार. त्यांनी झाडू आणला, यंत्राभोवतीची फरशी लख्ख केली, चौकोनावरूनही दोन हात मारले आणि बटण दाबले. पाते हलेना, म्हणून वाकडा बसलेला पुठ्ठा सरळ करायला हात आत घातला.

खाड्कन पाते उतरले.

इंजिनियर किंचाळत धावली आणि तिने लाल बटणावर हात आपटला. पाते थांबले. काकांची बाही मनगटापासून कोपरापर्यंत उभी चिरली होती. हातावर ओरखडासुद्धा नव्हता.

इंजिनियरने रडत रडत आपला फोन त्या चौकोनासमोर धरून दाखवला. फोनने चौकोन टिपला आणि पात्यासमोरची जाळी सरकन खाली आली. तिच्या देशात आता या टिपण्यालाही 'झाडणे' म्हणत होते!

पर्समध्ये हे ऐकून मी चक्रावले. झाडणे? माझ्या पाचव्या धड्यातला, लहान मुलालाही येणारा शब्द? तो बाहेर इतका बदलला आणि मला कोणी सांगितलेसुद्धा नाही?

काका चिरलेली बाही हातात धरून बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही म्हणालात म्हणून केलं हो मी," एवढेच म्हणाले. ते ओरडले असते तर बरे झाले असते.

बाईंनी वर्ग बंद केला. मला कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवले. तीन आठवडे मी अंधारात एकच शब्द घोकत होते.

मग एका दुपारी बाई मला घेऊन तडक इंजिनियरच्या खोलीवर गेल्या. "मला शिकव," म्हणाल्या. ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने माझा अठरावा धडा उघडला आणि तिच्या भुवया वर गेल्या. "टेलिफोनसाठी वेगळी कचेरी? रांग लावून?" तिने ती कधी पाहिलीच नव्हती. कॅसेट तिला माहीत नव्हती. मी हादरले. माझे सगळे आधुनिक जीवन हिला समज येण्याआधीच उरकले होते! मग ती सांगत गेली. बोलणाऱ्याचा चेहरा दिसणारा फोन, चेहरा ओळखून उघडणारे दार. बाई टोकदार पेन्सिलीने माझ्या समासात लिहीत गेल्या. प्रत्येक अक्षर मला बोचत होते. पण मी पाने मिटली नाहीत.

वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर फिटरकाका बसलेले! बाईंनी खडू खाली ठेवला.

"काका, तुम्ही? इथे?"

"शिकायला आलोय," काका म्हणाले. "माझ्या हाताजवळ कोण काय बोलतंय, ते आता मला माझ्याच कानांनी कळायला हवं."

बाईंनी मला त्यांच्या हातात दिले. "पहिला धडा नंतर. आधी छपाईचं वर्ष वाचा, मोठ्यानं."

काकांनी वाचले आणि डोळे विस्फारले. "अरे बापरे! तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं!" सगळा वर्ग खो खो हसला. कारखान्यातल्या त्या दिवसानंतर बाई पहिल्यांदाच हसल्या.

मित्रांनो, मला रद्दीत टाकू नका. अंगण अजूनही झाडूनेच झाडतात, तेवढे मी नीट शिकवते. पण माझ्यावर डोळे मिटून विसंबूही नका. मला उघडाल तेव्हा हातात पेन्सिल असू द्या. मला बोचले तरी चालेल, कोणाच्या हाताला इजा होता कामा नये.