न पाहिलेले रविवार

हिरवं टिंब, मोहरीएवढं. कपाटाच्या खालच्या फळीवर काळ्या पेटीच्या कपाळावर ते लुकलुकत होतं आणि तो कौतुकानं बघत होता — फाइली साठवायची ही संगणकपेटी त्याची त्यानंच जुळवलेली, कुणी न शिकवता, चुकत, शिव्या घालत, लावलेले स्क्रू पुन्हा काढत... आत दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच सगळं, एक गेली तरी दुसरी आहे. आणि दर रविवारी दोन्हींची पूर्ण तपासणी, आपोआप. वेळापत्रकही त्यानंच लावलेलं. स्क्रीनवर 'चुका: ०'. सहा महिने शून्यच.

पलीकडच्या खोलीत आत्या वह्यांच्या चवडी सुतळीनं बांधत होती. एकतीस वर्षं ती हवामान केंद्रावर नोंदी घ्यायची. केंद्र बंद पडलं, कचेरीला वह्या नको झाल्या, तेव्हा तिनं त्या घरी आणल्या. आता लेकीकडे एका खोलीत राहायला जायचं होतं. त्यानं पान न् पान फोटो काढून पेटीत ठेवलं होतं. चारला रद्दीवाला येणार होता.

"काय रे शहाण्या, पेटीत नीट आहे ना सगळं?"

"नीट? ठणठणीत म्हण! सहा महिन्यांत एक चूक नाही."

त्यानं वरची वही उघडली. पावसाचा रकाना — ०.०, ०.०, ०.०... तीच शाई, अक्षराचा तोच कल. या कोरड्या दिवसांसाठी ही बाई रोज दोनदा गच्चीचा जिना चढली, काही नाही हे बघायला, आणि काही नाही हे लिहायला. मला तर दोन दिवस काही घडलं नाही की जांभया येतात. मध्येच एका दिवसापुढे नुसती रेघ.

"इथे काय झालं?"

"दाढ सुजली होती. गेलेच नाही."

"मग शून्य टाकायचं. पाऊस कुठे होता तेव्हा?"

"वा रे वा! शून्य म्हणजे गेले, बघितलं, पाऊस मोजायचं भांडं कोरडं होतं. रेघ म्हणजे बघितलंच नाही. न बघता शून्य टाकणाऱ्याला आमचे साहेब घरबसल्या ज्योतिषी म्हणायचे!"

तोही हसला. मग हसू ओठावरच अडकलं... माझं शून्य कुणी बघितलं होतं?

पेटीचं चुकांचं पान तो स्क्रीनवर रोज उघडायचा; तपासण्यांचं कधीच नाही. आता उघडलं. रविवार — मध्येच थांबली, नव्वद टक्के बाकी. त्याआधीचा रविवार — मध्येच थांबली. खालपर्यंत तेच. दुसऱ्या डिस्कचंही तेच. वीज वाचावी म्हणून वीस मिनिटं काम नसलं की डिस्कनं झोपायचं, हीसुद्धा त्याचीच युक्ती. पूर्ण तपासणीला लागतात सात तास, आणि ती डिस्क आतल्या आत करते, म्हणून पेटीच्या लेखी ते कामच नाही. माझीच दोन शहाणपणं, एकमेकांच्या पायात पाय घालून आडवी झालेली — आणि मी वरून ठणठणीत म्हणतोय.

गप्प बसता आलं असतं. डिस्क बहुधा चांगल्याच असतील. बहुधा... त्या एकतीस वर्षांच्या वह्यांत हा शब्द एकदाही सापडला नसता.

त्यानं झोपेची युक्ती बंद केली, दोन्ही तपासण्या सुरू केल्या आणि बाहेर आला.

"आत्या, रद्दीवाल्याला आज नको म्हणून सांग. पेटी तपासलेलीच नाही. मला वाटलं, तपासलीय."

टोमण्यासाठी त्यानं मान आधीच खाली घातली होती.

"कधी कळेल?"

"सात तासांनी. आणि वाईटही निघू शकतं."

"निघू दे की. जे निघेल ते लिहायचं." ती सुतळीची गाठ सोडायला लागली, सावकाश, नखानं, जणू बांधण्याइतकंच हेही रोजचं काम — आणि तो बघत राहिला. लाज वाटतच होती, भीतीही. पण दिवसभरात पहिल्यांदाच त्याला कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं, स्वतःलाही नाही... सात तास होते, आणि ते नुसते जाऊ द्यायचे होते.